मूत्राशय काढल्यावर लघवीची सोय कशी करायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या यजमानांचं मूत्राशय कॅन्सरमुळे काढलं त्याला आता आठ वर्षं झाली. त्यांच्या पोटावर पिशवी आहे. त्यानंतर तीन वर्षांनी माझ्या मावसभावाचं तेच ऑपरेशन झालं आणि त्याला आतड्याचं नवं मूत्राशय करून दिलं. आजार एकच, पण दोन्ही घरांतले दिवस आणि रात्री फार वेगळ्या. दोन्ही जवळून पाहिल्यामुळे नाशिक शहरातून, निफाड-सिन्नरकडून, कधी मालेगावाहून लोक फोन करून विचारतात. तेच ते प्रश्न पुन्हा येतात म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही. तुमचे रिपोर्ट फक्त तुमचे सर्जनच वाचू शकतात. पण त्यांच्यासमोर काय विचारायचं, ते इथे सापडेल.

१. डॉक्टर म्हणाले, "पिशवी काढावी लागेल आणि मग पिशवी लावावी लागेल." कोणती काढणार, कोणती लावणार?

हा गोंधळ आपल्या भाषेमुळे होतो. मूत्राशयाला आपण लघवीची पिशवी म्हणतो, गर्भाशयालाही पिशवी म्हणतो आणि पोटावर चिकटवतात तीही पिशवीच. बायकांमध्ये "पिशवी काढली" म्हटलं की गर्भाशयच समजतात. एका सुनेला ऑपरेशनच्या आदल्या रात्रीपर्यंत वाटत होतं की सासूबाईंची गर्भपिशवी काढणार आहेत. डॉक्टरांना कागदावर चित्र काढून दाखवायला सांगा, ते काढतात.

या पानावर "मूत्राशय" म्हणजे शरीरातला अवयव, "पिशवी" म्हणजे पोटावर बाहेरून लावायची प्लास्टिकची आणि "नवं मूत्राशय" म्हणजे आतड्यापासून शिवलेलं.

या ऑपरेशनमध्ये पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथीही सहसा काढतात. बायकांमध्ये बऱ्याचदा गर्भाशय, अंडाशय आणि योनीच्या पुढच्या भिंतीचा काही भाग निघतो. नेमकं काय काय काढणार आणि काय राखता येईल, हे सहीच्या आधी स्पष्ट विचारा.

२. मूत्राशयच नसेल तर लघवी जाणार कुठून? पर्याय किती आहेत?

किडन्या आपलं काम करतच राहतात. दिवसाला साधारण दीड-दोन लिटर लघवी तयार होऊन दोन मूत्रवाहिन्यांतून खाली येते. तिला नवी वाट द्यावी लागते. मुख्य वाटा तीन आहेत.

पहिली इलियल कॉन्ड्युट. लहान आतड्याचा १५ ते २० सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करतात, त्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि दुसरं टोक पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढतात. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. लघवी साठत नाही, सतत पिशवीत उतरते. ही पद्धत अमेरिकन सर्जन यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये रुळवली, म्हणजे तिला पाऊणशे वर्षांचा अनुभव आहे.

दुसरी निओब्लॅडर, म्हणजे नवं मूत्राशय. यात ४० ते ६० सेंटिमीटर आतडं लागतं. ते उभं चिरून, उलगडून, गोलसर शिवतात आणि मूळच्याच मूत्रमार्गाला जोडतात. लघवी नेहमीच्या जागेवरून होते.

तिसरी वाट पोटाच्या आत साठवणीची जागा करून नळीने रिकामी करण्याची (प्रश्न ७).

याशिवाय मूत्रवाहिन्या थेट पोटाच्या कातडीवर आणण्याचा साधा मार्ग असतो (प्रश्न ९). पूर्वी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडून लघवी शौचाच्या वाटेने काढत. त्यात किडनीला जंतुसंसर्ग होतो, शिवाय कित्येक वर्षांनी त्या जोडाशीच कॅन्सर होण्याचा धोका असतो, म्हणून ती पद्धत आता क्वचितच करतात.

३. मूत्राशय न काढता भागणार नाही का?

काही जणांचं भागतं. कॅन्सर मूत्राशयाच्या स्नायूत शिरलेला असला तरी गाठ एकच असेल, दुर्बिणीतून जवळजवळ पूर्ण खरवडून निघाली असेल आणि किडनीला सूज नसेल, तर किमो आणि रेडिएशन एकत्र देऊन मूत्राशय वाचवण्याचा उपचार असतो. पुढे आयुष्यभर दुर्बिणीने तपासणी करावी लागते आणि कॅन्सर परत आला तर मूत्राशय काढावंच लागतं. तुम्ही त्यात बसता का, हे विचारायचा तुमचा हक्क आहे. दुसरं मतही जरूर घ्या. फक्त काढे आणि झाडपाला करून पाहण्यात महिने घालवू नका. स्नायूत गेलेल्या कॅन्सरचं ऑपरेशन निदानापासून तीन महिन्यांच्या पुढे ढकललं तर नुकसान होतं. आधी किमो द्यायची असेल तर तो वेळ वेगळा, तो उपचाराचाच भाग असतो.

४. आतडं कापून घेतलं तर जेवण पचेल का?

पचतं. लहान आतडं सुमारे ६ मीटर लांब असतं आणि तुकडा काढल्यावर उरलेली टोकं जोडून देतात. पहिले काही आठवडे पातळ शौच होते, पोट फुगतं, भूक मरते. आमच्याकडे पहिले पंधरा दिवस मऊ भात आणि मुगाचं वरण एवढंच चाललं, मग हळूहळू भाकरी सुरू झाली. आतड्याचा शेवटचा भाग व्हिटॅमिन बी-१२ शोषतो, म्हणून नव्या मूत्राशयासाठी मोठा तुकडा घेतलेल्यांनी वर्षातून एकदा बी-१२ तपासून घ्यावं. शरीरातला साठा संपायला वर्षं लागतात, त्यामुळे कमतरता उशिरा दिसते.

५. पोटावरची पिशवी म्हणजे रोज नेमकं काय करावं लागतं? वास येतो का?

स्टोमा म्हणजे लालसर, ओलसर, ओठाच्या आतल्या बाजूसारखं दिसणारं तोंड. त्याला वेदना नसतात. पुसताना थोडं रक्त आलं तर घाबरायचं कारण नाही. पहिले सहा ते आठ आठवडे ते आक्रसत जातं, म्हणून प्लेटचं (पिशवी जिच्यावर बसते त्या, कातडीला चिकटवायच्या चकतीचं) भोक दर वेळी मापून कापावं लागतं, स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटर मोठं. भोक मोठं कापलं की उघड्या कातडीवर लघवी बसते आणि ती सोलवटते. सुरुवातीचे हाल बहुतेक याच एका चुकीने होतात.

पिशवी एक तृतीयांश ते अर्धी भरली की खालचा नळ उघडून संडासात रिकामी करायची. पूर्ण भरू दिली तर वजनाने प्लेट सुटते. दिवसातून सहा-सात वेळा हे होतं, म्हणजे पूर्वी लघवीला जायचो तेवढंच. रात्री नळाला लांब नळी जोडून मोठी पिशवी पलंगाखाली ठेवायची, मग सलग झोप लागते. हे मी मुद्दाम सांगते, कारण पिशवीच्या बाजूने कुणी हे मांडत नाही.

प्लेट दर तीन-चार दिवसांनी बदलायची. आमची वेळ सकाळी उठल्याउठल्या, चहाच्या आधीची. तेव्हा लघवी सर्वांत कमी येते. कातडी साध्या पाण्याने धुवायची आणि पूर्ण कोरडी करायची. खोबरेल तेल, क्रीम, पावडर काहीही नको, त्याने प्लेट चिकटत नाही. केस असतील तर कात्रीने बारीक करायचे. एप्रिल-मेच्या उन्हात घामाने प्लेट लवकर सुटते, तेव्हा एखादा दिवस आधीच बदललेली बरी.

वासाबद्दल सांगायचं तर पिशवी नीट बसली असेल तर शेजारी बसलेल्याला येत नाही. वास यायला लागला म्हणजे कुठेतरी गळती आहे किंवा पाणी कमी पडतंय.

६. नवं मूत्राशय केलं की सगळं पूर्वीसारखं होतं ना?

नाही. बाहेरून पूर्वीसारखं दिसतं. आत जे बसवलंय ते आतडं आहे आणि त्याला मूत्राशयाचं काम शिकवावं लागतं.

ऑपरेशननंतर दोन ते तीन आठवडे नळी असते. तिच्यातून सलाइनने धुऊन चिकट स्राव बाहेर काढावा लागतो. नळी निघाली की लघवी लागल्याची पूर्वीची जाणीव नसते, फक्त ओटीपोट जड वाटतं. म्हणून घड्याळ लावून जायचं, सुरुवातीला दिवसा दर दोन तासांनी आणि रात्री दर तीन तासांनी. मावसभावाकडे रात्री बारा, तीन आणि सहाचे गजर होते आणि वहिनी प्रत्येक गजराला त्याच्यासोबत उठायची. सुरुवातीला जेमतेम शंभर-दीडशे मिलिलिटर मावतं. वेळ हळूहळू वाढवत नेली की काही महिन्यांत ४०० ते ५०० पर्यंत जातं.

आतडं स्वतःहून पिळून लघवी बाहेर टाकत नाही. बसून, खालचे स्नायू सैल सोडून, पोटाला जोर देऊन रिकामं करावं लागतं. पुरुषांनाही बसूनच जाणं सोपं पडतं. काहींचं पूर्ण रिकामं होत नाही. त्यांना दिवसातून काही वेळा स्वतः नळी घालावी लागते आणि बायकांमध्ये याचं प्रमाण जास्त असतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी स्वतःला एक सरळ प्रश्न विचारा: गरज पडली तर मी स्वतःच्या हाताने नळी घालेन का? उत्तर ठाम "नाही" असेल तर हा पर्याय घेऊ नका.

दिवसा बहुतेकांना सहा महिने ते वर्षभरात कोरडं राहता येतं. रात्रीची गळती मात्र अनेकांची कायम राहते. झोपेत मूत्रमार्गाचा स्नायू सैल पडतो, भरल्याचा निरोप पूर्वीसारखा मेंदूकडे जात नाही, शिवाय आतडं दाट लघवीत स्वतःकडचं पाणी ओढून आणतं, त्यामुळे ते रात्री लवकर भरतं. मावसभाऊ पाच वर्षांनंतरही रात्री पॅड लावतो आणि एकदा उठतो. तरीही तो म्हणतो, पुन्हा निवडायचं झालं तर हेच घेईन. तो पोहतो, शर्ट काढून विहिरीवर जातो, त्याच्या दृष्टीने तेच महत्त्वाचं.

आणखी एक गोष्ट लोकांना आधी कुणी सांगत नाही. लघवी आतड्यात तासन्‌तास राहिली की तिच्यातलं आम्ल आणि क्लोराइड पुन्हा रक्तात शोषलं जातं. थकवा, मळमळ, भूक नसणं, वजन उतरणं अशी लक्षणं दिसतात. घरच्यांना वाटतं माणूस खचलाय. साध्या रक्ततपासणीत ते कळतं आणि सोडियम बायकार्बोनेटच्या गोळ्यांनी सुधारतं. पहिल्या काही महिन्यांत शरीरातलं मीठही कमी होऊ शकतं, म्हणून सर्जनला विचारल्याशिवाय अळणी जेवण सुरू करू नका.

७. पोटावर छोटं छिद्र, पण पिशवी नाही, असाही प्रकार असतो म्हणे?

असतो. त्यात उजव्या बाजूचं मोठं आतडं आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग वापरून आत साठवण करतात. इंडियाना पाउच हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. दर चार ते सहा तासांनी छिद्रातून नळी घालून लघवी काढायची, छिद्रावर एरवी नुसती छोटी पट्टी. मूत्रमार्गही काढावा लागला, पण बाहेर पिशवी अजिबात नको, अशा माणसासाठी हा पर्याय आहे. ऑपरेशन किचकट असतं, पुढे छिद्र अरुंद होणं, आत खडे होणं अशा कटकटी येतात आणि ते नियमित करणारे सर्जन मोजकेच. विचार असेल तर "तुम्ही हे वर्षाला किती करता?" असं सर्जनना मोकळेपणी विचारा.

८. डॉक्टरांनी आम्हाला नवं मूत्राशय सुचवलंच नाही. आम्ही साधी माणसं म्हणून का?

हा प्रश्न विचारताना लोकांचा गळा दाटतो. मनात ठेवू नका, थेट विचारा. बऱ्याचदा कारण वैद्यकीय असतं. मूत्रमार्गाच्या कडेला कॅन्सर असेल तर नवं मूत्राशय त्यालाच जोडणं धोक्याचं. किडनीचं काम बरंच कमी झालं असेल तर आतड्यातून परत शोषलं जाणारं आम्ल तिला झेपत नाही. लिव्हर खराब असेल, आतड्याचा जुना आजार असेल, पूर्वी ओटीपोटावर रेडिएशन झालं असेल, हात थरथरत असतील किंवा विस्मरण असेल, तरी सर्जन पिशवीकडेच वळतात. बायकांमध्ये गाठ मूत्राशयाच्या मानेशी किंवा योनीच्या भिंतीत असेल तर तेच.

कधी कारण असंही असतं की त्या सर्जनचा हात इलियल कॉन्ड्युटवर बसलेला असतो. तेही त्यांनी सांगावं आणि तुम्हाला नवंच मूत्राशय हवं असेल तर दुसरीकडे पाठवावं. पिशवी हा गरिबांचा किंवा हलका उपाय नाही. ऑपरेशन कमी वेळाचं आणि कमी गुंतागुंतीचं असल्यामुळे जगात सर्वाधिक केली जाणारी हीच पद्धत आहे.

९. वडील ७८ वर्षांचे आहेत. या वयात काय करावं?

फक्त वयाचा आकडा पाहून ठरत नाही. चालणं-फिरणं, हृदय, किडनी, स्मरण पाहतात. तरी सत्तरीपुढे दिवसा-रात्री कोरडं राहणं कठीण होत जातं, म्हणून बहुतेकांना पिशवी सुचवतात आणि मला ते पटतं. फारच अशक्त माणूस असेल किंवा एकच किडनी असेल, तर आतड्याला हात न लावता मूत्रवाहिनी थेट कातडीवर आणतात. ऑपरेशन छोटं होतं, पण ते तोंड आक्रसतं, म्हणून आत बारीक नळी ठेवून ती साधारण तीन महिन्यांनी बदलत राहावी लागते. त्या फेऱ्या कोण करणार, ते आधीच ठरवा.

१०. कोणत्या पर्यायात कॅन्सर परत येण्याची भीती कमी?

लघवीची वाट कोणती, यावर ते ठरत नाही. गाठ किती खोल होती, लिम्फ गाठींत गेली होती का आणि किमो झाली का, यावर ठरतं. नवं मूत्राशय असणाऱ्यांचा मूत्रमार्ग जागेवर राहतो, म्हणून त्याची तपासणी पुढेही करावी लागते. किडनी आणि मूत्रवाहिन्यांवर मात्र सर्वांनीच लक्ष ठेवायचं. मूत्रवाहिनीचा जोड हळूहळू अरुंद होऊन किडनी न दुखता सुजू शकते, म्हणून सगळं बरं वाटत असलं तरी सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) चुकवू नका. आणि विडी, सिगारेट, तंबाखू बंद. या कॅन्सरचं सर्वांत मोठं कारण धूम्रपान आहे.

११. मग ठरवायचं कसं? तुम्ही काय सांगाल?

लोक फोनवर पहिलं वाक्य म्हणतात, "पोटावर पिशवी नको, बाकी काहीही चालेल." तिथून सुरुवात करू नका. सकाळी उठल्यापासून दुसऱ्या सकाळपर्यंतचा आपला एक दिवस लिहून काढा. कुठे जाता, संडास कुठे आहे, रात्री किती वाजता झोपता, दर तीन तासांनी उठायचं झालं तर कोण उठेल, वाकून काय काम करता, अंगावर कुणासमोर कपडे बदलावे लागतात. मग तो कागद घेऊन सर्जनकडे जा.

माझे यजमान तेव्हा ६६ वर्षांचे होते. किडनी थोडी कमजोर, झोप लागली की गजराने उठणारे नाहीत. आम्ही पिशवी घेतली आणि तीन महिन्यांत ते पुन्हा सकाळचं फिरायला जाऊ लागले. मावसभाऊ ५४ वर्षांचा, चिकाटीचा, किडनी उत्तम. त्याने पहिलं वर्ष कष्टात काढलं. दोघांपैकी कुणाचं चुकलं असं मला वाटत नाही. दोन्ही प्रकारच्या रुग्णांच्या समाधानाची तुलना डॉक्टरांनी वर्षानुवर्षं केली आहे, पण एक पर्याय सर्वांसाठी सरस असं त्यातून निघालेलं नाही. आधी नीट समजून निवडलेली माणसं पुढे कमी पस्तावतात, एवढं मी माझ्यापुरतं पाहिलंय.

१२. नवं मूत्राशय ठरलं होतं. शुद्धीवर आल्यावर पाहतो तर पोटावर पिशवी. असं का केलं?

ऑपरेशन चालू असतानाच मूत्रमार्गाच्या कडेचा तुकडा तपासायला पाठवतात. त्यात कॅन्सर निघाला तर नवं मूत्राशय तिथे जोडत नाहीत. कधी आतडं खाली पोहोचत नाही, कधी रक्तस्राव जास्त होतो. म्हणून सहीच्या वेळीच विचारा, "पहिला बेत जमला नाही तर दुसरा कोणता?" आणि नवं मूत्राशय ठरलं असलं तरी पोटावर पिशवीच्या जागेची खूण करूनच आत जा (प्रश्न १३).

१३. आदल्या दिवशी पोटावर पेनाने खूण करतात ती कशासाठी?

ही पाच मिनिटांची खूण पुढची सगळी वर्षं सोपी करते. स्टोमा घडीत, जुन्या टाक्यांवर किंवा नाडीच्या रेषेत आला तर प्लेट टिकतच नाही. स्टोमा नर्स असेल तर ती करते, नसेल तर सर्जनकडून आग्रहाने करून घ्या. झोपून, बसून, उभं राहून आणि वाकून, अशा चारही स्थितींत जागा पाहायला हवी. मांडी घालून आणि उकिडवं बसूनही दाखवा, कारण आपण जमिनीवर बसणारी माणसं.

नेहमीचे कपडे घालून जा. परकराची नाडी आणि निऱ्या नेमक्या कुठे येतात, धोतर किंवा पायजमा कुठे बांधता, हे दवाखान्याच्या गाऊनमध्ये कळत नाही. आणि ती जागा तुम्हाला स्वतःला दिसली पाहिजे. पोट सुटलेल्या माणसाला खालची खूण आरशाशिवाय दिसत नाही, मग त्याला जन्मभर दुसऱ्यावर अवलंबून राहावं लागतं.

१४. आमची द्राक्षबाग आहे. छाटणी, फवारणी, क्रेट उचलणं जमेल का?

पहिले दीड महिना घागरभर पाणीसुद्धा उचलायचं नाही. जड काम तीन महिन्यांनंतर आणि तेही सर्जनला विचारून. ऑक्टोबर छाटणी तोंडावर असेल तर त्या हंगामाला माणूस लावा. पुढे छाटणी, डिपिंग (घड औषधात बुडवणं), देखरेख हे सगळं करणारे लोक आहेत.

पिशवीवाल्यांना स्टोमाच्या बाजूला हर्निया होण्याचा धोका असतो, म्हणून कांद्याची गोणी किंवा भरलेले क्रेट एकट्याने उचलणं कायमचं सोडा. आधाराचा पट्टा मिळतो. पाठीवरच्या पंपाचा कमरेचा पट्टा प्लेटवर दाबतो, तो काढून टाका. बागेत पाण्याची बाटली आणि बदलायचं सामान सोबत असू द्या. नवं मूत्राशय असणाऱ्यांनी बागेतही घड्याळ पाळायचं. काम संपू दे मग जातो, असं करत ते ताणलं गेलं की ढिलं पडतं आणि पुढे रिकामंच होत नाही.

१५. देवपूजा, सोवळं, रामकुंडावरचं स्नान, उपवास, वारी? आणि नमाज?

यजमानांनी ऑपरेशननंतर सहा महिने देवघरात पाऊल ठेवलं नाही. कुणी अडवलं नव्हतं, त्यांनाच वाटायचं. शेवटी आमच्या गुरुजींनी घरी येऊन सांगितलं, पिशवी रिकामी करा, हातपाय धुवा आणि बसा. तेव्हापासून पूजा तेच करतात. तुमच्या मनात शंका असेल तर मनात न ठेवता तुमच्या गुरुजींना विचारा. मुस्लिम कुटुंबांसाठी: लघवी सतत झिरपत असणाऱ्याला शरियतमध्ये माज़ूर मानून सवलत आहे, प्रत्येक नमाजाच्या वेळी नवा वज़ू करून नमाज पढता येते. तपशील आपल्या मौलानांना विचारा.

पिशवीसह स्नान करता येतं, पोहताही येतं. आधी रिकामी करून कडेला वॉटरप्रूफ टेप लावा. निर्जळी उपवास मात्र कुणीही करू नये. दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी हा औषधाचाच भाग आहे. रोजा ठेवायचा असेल तर किडनीचा रिपोर्ट दाखवून डॉक्टरांना विचारा. त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर जायचं असेल तर प्लेटा मोजून दुप्पट घ्या, उन्हात गाडीत ठेवू नका.

१६. नवरा-बायकोच्या संबंधांचं काय?

हा प्रश्न रात्री उशिरा मेसेजवर येतो, म्हणून इथे मोकळेपणी लिहिते. पुरुषांमध्ये प्रोस्टेट निघाल्यामुळे वीर्य बाहेर येत नाही. ताठरता नसांवर अवलंबून असते. नसा वाचवता येतील का, हे कॅन्सर किती पसरलाय त्यावर ठरतं. परत यायला वर्ष-दोन वर्षं लागू शकतात, औषधांची मदत होते. बायकांना योनी अरुंद किंवा कोरडी झाल्याने त्रास होऊ शकतो, त्यावरही उपचार आहेत. हे सगळं मूत्राशय काढण्यामुळे होतं, त्यामुळे नवं मूत्राशय घेतलं म्हणून टळत नाही. मूल हवं असेल तर ऑपरेशनच्या आधी वीर्य साठवून ठेवण्याबद्दल विचारा, नंतर उशीर झालेला असतो.

१७. लघवीत पांढरं, शेंबडासारखं येतं. रिपोर्टमध्ये जंतू आलेत. औषध सुरू करू?

ते आतड्याचा चिकट स्राव आहे. आतडं तो बनवतच राहतं, काळाने कमी होतो. पाणी भरपूर प्या. जंतूंचं म्हणाल तर पिशवीतून घेतलेल्या लघवीत जंतू जवळपास नेहमीच सापडतात. ताप, थंडी, कमरेत दुखणं असं काही नसेल तर फक्त रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक घेऊ नये. तपासणी खरंच हवी असेल तर स्टोमातून नवी निर्जंतुक नळी घालून नमुना घ्यायला सांगा. गल्लीतल्या लॅबला हे माहीत नसतं, तुम्हालाच सांगावं लागतं.

१८. लगेच दवाखाना गाठायचा कधी?

थंडी वाजून ताप, कमरेच्या बाजूला दुखणं, चार-पाच तासांत पिशवीत लघवीच नाही, स्टोमा काळसर-जांभळा पडला, सतत उलट्या, यांपैकी काहीही. नवं मूत्राशय असणाऱ्याला लघवी अडली आणि पोट दुखू लागलं तर सकाळची वाट पाहू नका. ते फार ताणलं तर फुटू शकतं. आणि तिथल्या डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की हे मूत्राशय आतड्याचं आहे. ऑपरेशनच्या कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

१९. खर्च किती आणि योजना कोणती?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत मिळून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. दाखल होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेच ऑपरेशन तिथे योजनेत होतं का आणि घरी गेल्यावर पिशव्यांचं काय, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. पिशव्यांचा खर्च सहसा आपल्यालाच करावा लागतो. प्लेट आणि पिशवीच्या एका जोडीला काहीशे रुपये आणि महिन्याला आठ-दहा जोड्या, हा हिशोब निवडताना धरा. नव्या मूत्राशयालाही पॅड, नळ्या आणि तपासण्यांचा खर्च आहेच. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाणार असाल तर कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला रेल्वेभाड्यात सवलत मिळते, त्याचा फॉर्म दवाखान्यातूनच भरून घ्यावा लागतो. पंचवटी एक्स्प्रेसने जाताना पिशवी नाशिकरोडला रिकामी करून चढा. दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल अनेक जण विचारतात: २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत स्टोमाचा समावेश नाही.

२०. आज पिशवी घेतली तर पुढे बदलून नवं मूत्राशय करता येईल?

क्वचित करतात. पुन्हा मोठं ऑपरेशन, पुन्हा आतडं, चिकटलेलं पोट. "आत्ता हे घेऊ, मग पाहू" असा हिशोब करू नका. नव्या मूत्राशयाचा फार त्रास झाल्यावर पिशवीकडे वळलेली माणसं आहेत, पण तेही ऑपरेशनच.

२१. वडिलांना कॅन्सर आहे हे सांगितलेलं नाही. पिशवीचंही ऑपरेशननंतरच सांगू का?

कृपा करून असं करू नका. शुद्धीवर आल्यावर स्वतःच्या पोटावर अनोळखी लाल तोंड पाहिलेल्या एका काकांनी दोन आठवडे मुलाशी बोलणं टाकलं होतं. ते पिशवीला हात लावू देत नव्हते, कातडी सोलवटून गेली. पिशवी त्यांच्या शरीरावर असणार आहे, रात्रीचे गजर त्यांना ऐकायचे आहेत. "कॅन्सर" हा शब्द जमत नसेल तर डॉक्टरांना सांगू द्या, तुम्ही शेजारी बसा. ऑपरेशनच्या आधी रिकामी पिशवी पोटावर चिकटवून, तिच्यात थोडं पाणी भरून त्यांना एक दिवस घरात वावरू द्या. आम्ही तसंच केलं होतं. यजमानांनी त्या दिवशी पिशवीसकट झोपाळ्यावर बसून पेपर वाचला आणि संध्याकाळी म्हणाले, जमेल.

२२. अशा ऑपरेशनमधून गेलेल्या कुणाला आधी भेटता येईल का?

जरूर भेटा. सर्जनना सांगा, ते आपल्या जुन्या रुग्णांना विचारून गाठ घालून देतात. मुंबईची ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया हे कामच करते. एकालाच भेटू नका, पिशवीवाला एक आणि नव्या मूत्राशयाचा एक, असे दोघे तरी पाहा. तुमच्या वयाच्या जवळचे असतील आणि ऑपरेशनला वर्ष होऊन गेलं असेल तर चांगलं. आणि "कसं आहे?" असं विचारू नका, सगळे "बरं आहे" म्हणतात. विचारा, काल रात्री किती वाजता उठलात, चादर ओली होती का, घरातलं आणखी कोण उठलं. त्यांच्या घरच्यांनाही हेच वेगळं विचारा.